सायनसचा एमआरआय आणि चोंदलेलं नाक

नुसती सर्दी, जड डोकं आणि गालावरचा ठणका यासाठी सहसा एमआरआय लागत नाही. सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, पातळ हाडं आणि निचऱ्याच्या वाटा सीटी स्कॅनमध्येच नीट दिसतात, तोही काही मिनिटांत उरकतो. एमआरआय लिहून दिला जातो तो गाठ, बुरशी किंवा डोळ्याकडे-मेंदूकडे सरकलेला संसर्ग यांची शंका असते तेव्हा. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांना तो वारंवार करावा लागला. कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं, शिरेतून दिलं जाणारं औषध) दिल्यावर रक्तपुरवठा असलेला भाग उजळतो आणि मेलेला काळाच राहतो. किती खरवडायचं याचा अंदाज सर्जनला त्यावरून येतो.

मात्र घट्ट साचलेली बुरशी एमआरआयच्या काही चित्रांत इतकी काळी दिसते की भरलेली पोकळी रिकामी वाटावी. म्हणून आधीच्या सीटीची सीडी किंवा फिल्म बरोबर न्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

तपासणीला साधारण 20 ते 45 मिनिटं लागतात. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल बसवतात आणि उताणं झोपवतात. नाकाच्या रुग्णाची खरी अडचण इथेच सुरू होते. आडवं झालं की नाक आणखी चोंदतं, शेंबूड घशात उतरतो, मग आवंढा नाहीतर खोकला. प्रत्येक चित्रमालिका काही मिनिटं चालते. मध्येच डोकं हललं तर ती पुन्हा घ्यावी लागते. निघण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुवा, आत जाण्याआधी शिंकरून घ्या. तोंडाने श्वास घेतला तर काही बिघडत नाही. खोकायचं असेल तर मशीनची धडधड थांबते त्या मधल्या वेळात खोका. कानात बोळे घालतातच. नाही दिले तर मागून घ्या. हातात दिलेला बझर घाबरल्यावर दाबण्यासाठीच असतो, संकोच करू नका.

एमआरआयचं मशीन म्हणजे मोठा चुंबक आणि तो कायम चालू असतो, मशीन शांत असलं तरी. 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीत नेल्याने एका नातेवाइकाचा जीव गेला. त्यामुळे नियम सोबतच्या माणसालाही तेवढेच लागू. मंगळसूत्र, जोडवी, नथ, आकडे, साडीच्या पिना, काजळ, काढता येणारी कवळी सगळं बाहेर. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं श्रवणयंत्र), मेंदूतली क्लिप असेल तर तारीख घेतानाच सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड दाखवा. लेथवर किंवा वेल्डिंगचं काम केलेल्यांनी डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, ते आवर्जून सांगावं. दातांच्या पक्क्या तारा धोकादायक नसल्या तरी गालाच्या सायनसच्या चित्रात नेमका तिथेच काळा डाग पाडतात.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियम, सीटीतलं आयोडीन नव्हे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाचा डोस किलोमागे 0.2 मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिली. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या. गरोदरपण किंवा तशी शक्यता आधीच सांगा. नाकात पॉलिप (अस्तराचे मऊ फुगवटे) असलेल्या अनेकांना दमाही असतो. त्यांनी तो फॉर्मवर लिहावा, पंप बरोबर ठेवावा.

रिपोर्टमधल्या ‘म्युकोसल थिकनिंग’ने, म्हणजे आतल्या अस्तराच्या सुजेने, हबकू नका. दोन-तीन मिलिमीटरची सूज काहीच त्रास नसलेल्यांतही सापडते. एका नाकपुडीची सूज दुसरीपेक्षा जास्त दिसणंही नेहमीचंच, कारण दोन्ही बाजू काही तासांनी आळीपाळीने फुगतात. त्या दिवशी सर्दी होती का, हे तेवढं ईएनटी डॉक्टरांना सांगा.