पंख धरून ठेवायला वीज किती लागते?

गेले काही दिवस डोक्यात एकच विषय आहे, विमानाचे इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर. आयलरॉन, एलेव्हेटर, रडर हे पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलणारे भाग (सरफेस) हलवतात ते. जुन्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पद्धतीत इंजिनवरचा पंप पूर्ण उड्डाणभर फिरत राहतो, बहुतेक प्रवासी विमानांत ३००० पीएसआय दाब कायम तयार ठेवतो, आणि पायलटने काही हलवलं नाही तरी तो फिरतोच, व्हॉल्व्हमध्ये दाब पडतो त्याची नुसती उष्णता होते. इलेक्ट्रिकमध्ये काम असेल तेव्हाच मोटर फिरते. कल्पना इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खूप भारी वाटलेलं.

एअरबसच्या ए३८० विमानात हे मोठ्या प्रमाणावर आलं. २००५ साली पहिलं उड्डाण. नेहमीच्या तीन हायड्रॉलिक सिस्टिमऐवजी दोन हायड्रॉलिक आणि दोन इलेक्ट्रिक, त्यामुळे एक अख्खी सिस्टिम, तिचे पाइप, तिचं तेल सगळं वाचलं, म्हणजे वजन वाचलं. तिथे ईएचए (इलेक्ट्रो-हायड्रोस्टॅटिक अ‍ॅक्च्युएटर) वापरलेत, मोटर आणि छोटा पंप अ‍ॅक्च्युएटरलाच जोडलेला, तेल आतल्या आतच फिरतं. पण त्यातले बरेचसे स्टँडबायला असतात, हे लोक सांगत नाहीत.

आणि खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे धरून ठेवणं. हवा सरफेसला सतत ढकलते, मोटर हलत नाही पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यावाच लागतो, बाहेर काम शून्य आणि कॉइल मात्र तापत राहते. टॉर्क दुप्पट झाला की करंटही साधारण दुप्पट, उष्णता चौपट! ईएचएमध्येही पंपाच्या आत गळती असते, ती भरायला मोटर हळूहळू फिरवत ठेवावी लागते. पूर्वी ही उष्णता तेल स्वतःबरोबर घेऊन जायचं, आता पातळ पंखात बंद डब्यात बसलेली मोटर ती टाकणार कुठे? मला तर वाटतं एफिशियन्सीच्या गप्पा मारताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

ईएमए (इलेक्ट्रो-मेकॅनिकल अ‍ॅक्च्युएटर), ज्यात मोटर थेट बॉलस्क्रू म्हणजे आत गोळ्या असलेला स्क्रू फिरवते, तो तर अजून साधा, तेलच नाही. पण स्क्रू जाम झाला तर सरफेस तिथेच अडकतो, शेजारचा दुसरा अ‍ॅक्च्युएटरही त्याला हलवू शकत नाही. हायड्रॉलिकमध्ये बायपास उघडला की बिघडलेला सिलिंडर मोकळा होतो. म्हणून बोइंग ७८७ वर ईएमए काही स्पॉयलरना (पंखावर वर उघडणाऱ्या फळ्यांना) आहेत, एक स्पॉयलर अडकला तरी विमान सांभाळता येतं. एलेव्हेटरचं तसं नाही ना.