तिकिटावरचे साडेपाच तास आणि गोलावरचा दोरा

आईच्या तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ रात्री 1:30 आणि न्यूयॉर्कला उतरण्याची वेळ त्याच दिवशीची सकाळी 7:00 अशी छापलेली होती. ते वाचून ती म्हणाली, "साडेपाच तासांत पोहोचणार असेन, तर मधल्या गोळ्या बरोबर कशाला घेऊ?" तिला रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे ठरावीक अंतराने घ्यावी लागतात, त्यामुळे ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी त्या रात्री हा हिशेब नीट मांडणे मला अत्यंत गरजेचे वाटले.

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. ते साडेपाच तासांत मिळवले की खरा प्रवास 16 तासांचा निघतो. परतीचे विमान तिथून दुपारी बाराला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत उतरते. कागदावर हे 25 तास दिसतात, प्रत्यक्षात ते साडेचौदाच आहेत.

आईला एवढ्याने समाधान नव्हते. सोळा तास म्हणजे किती लांब, हे तिला पाहायचे होते. म्हणून मुलीचा 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल खाली काढला आणि शिवणाचा दोरा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरला. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान आणि सहारा वाळवंटावरून जाते. गोलावर मात्र ताणलेला दोरा आपणहून उत्तरेला सरकला आणि सिंध, कंदाहार, मॉस्को, हेलसिंकीचा परिसर, आइसलंड आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक असा गेला. त्याची लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटर भरली. अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर, तेव्हा अंतर साधारण 12,500 किलोमीटर झाले. नकाशावरच्या सरळ रेघेने गेले असते, तर सुमारे 1,700 किलोमीटर अधिक कापावे लागले असते.

ताशी 900 किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांत संपायला हवे. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि मुख्यतः वाऱ्यात जातो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. जाताना ते अंगावर येतात, परतताना पाठीशी असतात. शिवाय दोऱ्याची वाट आज सर्वांना मोकळी नाही. 2022 पासून रशियाचे आकाश अमेरिकी विमानांना बंद आहे आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, त्यामुळे वळसा घ्यावा लागतो.

औषधांसाठी मात्र घराच्या उंबरठ्यापासूनच मोजायला हवे, असे मला वाटते. ठाणे ते विमानतळ जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण पवईच्या रस्त्यावर किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही रात्री नऊलाच निघायचे ठरवले. तिथे उतरल्यावर पासपोर्ट आणि सामानासाठी दोन तास धरले. एकूण साडेबावीस तास झाले. डॉक्टरांना तो आकडा सांगून गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या, आणि मनगटावरचे घड्याळ भावाच्या घरी पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवायचे, असे आईने स्वतःच ठरवले.