चाराचं रेटिंग दोनावर

अप्रेझलचे फॉर्म भरून झाले की आमच्याकडे सगळे मॅनेजर एकत्र बसून एकमेकांच्या टीमची रेटिंग तपासतात. या कॅलिब्रेशनला एचआरतर्फे मी असते. बरीचशी नावं मिनिटभरात पुढे सरकतात. त्या दुपारी मात्र एका टेस्टरच्या नावावर गाडी अडली. सॉफ्टवेअर क्लायंटकडे जाण्याआधी त्यातले दोष, म्हणजे बग, शोधणं हे तिचं काम.

गेल्या वर्षी चार, यंदा थेट दोन. शेरा होता, 'जबाबदारीची जाणीव कमी.'

"नेमकं काय घडलं?" मी विचारलं.

"शेवटच्या रिलीजमध्ये मोठा बग सुटला, मॅडम. क्लायंटने पार धारेवर धरलं."

"आणि त्याआधी वर्षभर?"

मॅनेजर वही चाळू लागले. त्या काळातली एकही नोंद नव्हती. ताजं तेवढं लक्षात राहतं, हा अप्रेझलचा जुनाच रोग. मी बग ट्रॅकर, म्हणजे सापडलेल्या बगांची यादी, उघडायला लावला. रिलीजआधी पकडलेल्या गंभीर बगांत सर्वाधिक तिचेच होते. (नुसती संख्या मोजून टेस्टर जोखू नये. तसं केलं की फुटकळ बगांचा ढीग लागतो. हे बग तसे नव्हते.)

तेवढ्यात दुसरे एक मॅनेजर म्हणाले, "हिला वर नेलंत तर कुणाला तरी खाली आणावं लागेल. बेल कर्व्ह बिघडेल." बेल कर्व्ह म्हणजे वरचं, मधलं आणि खालचं रेटिंग किती जणांना द्यायचं याचं आधीच ठरलेलं प्रमाण. आठ जणांच्या टीमला कसला आलाय बेल कर्व्ह! मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड 2013 सालीच मोडीत काढली. आमच्याकडे ती अजून कुणाकुणाच्या डोक्यात आहे. कुणालाही खाली न आणता तिचं रेटिंग तीन झालं. चार मी मागितलंच नाही, कारण बग सुटला होता हे खरंच होतं.

पण मला आकड्यापेक्षा तिच्याशी होणाऱ्या बोलण्याची काळजी जास्त होती. एकाच बैठकीत चुका आणि पगारवाढ आली की माणूस बचावाला उभा राहतो. जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभ्यासाने 1965 मध्येच हे दोन विषय वेगळे करा म्हणून सांगितलं होतं. मी मॅनेजरना दोन वेगळ्या तारखा घ्यायला लावल्या.

पहिल्या बैठकीत फक्त कामाचं बोलणं झालं. बग कसा सुटला, असं त्यांनी विचारल्यावर तिने जुने मेल दाखवले. टेस्टिंगचा डेटा शिळा झाल्याचं तिने आधीच कळवलं होतं, आणि ते मेल त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडून होते. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "फॉर्म परत उघडून द्या. तो शेरा बदलायचाय."