गॅप किती?

मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे फोनचा आठवडा. भोसरीतल्या एका शेडमध्ये आम्ही प्रयोगशाळांसाठी विद्युतचुंबक बनवतो आणि कोटेशनं काढायचं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी सकाळी साडेदहाला एका विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातून मॅडमचा फोन आला. संशोधनाचा प्रस्ताव संध्याकाळी पाचपर्यंत अपलोड करायचा होता.

"दीड टेस्लाचा मॅग्नेट हवाय. अंदाजे आकडा सांगितलात तरी चालेल." टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक.

'अंदाजे आकडा चालेल' या वाक्यानं मी एकदा चांगला पोळलोय. फोनवर आकडा सांगितला, तोच प्रस्तावात गेला, तोच मंजूर झाला. ऑर्डर आल्यावर कळलं की सँपलबरोबर एक छोटी भट्टीही पोलांच्या, म्हणजे चुंबकाच्या समोरासमोरच्या टोकांच्या, मध्ये बसवायची आहे; म्हणजे मधली जागा, गॅप, मोठा हवा. पदरचे पैसे घालून तसा मॅग्नेट करून दिला. मालक अजून चहाच्या वेळी त्याची आठवण काढतात.

म्हणून आधी विचारलं, "मॅडम, गॅप किती?"

"दहा मिलिमीटर."

दोन पोलांच्या मधल्या हवेतच खरा खर्च असतो. लोखंडातून चुंबकीय क्षेत्र सहज जातं, हवेतून ढकलावं लागतं, आणि ढकलायची ताकद म्हणजे अँपिअर-टर्न, कॉइलचे वेढे गुणिले करंट. १० मिलिमीटरमध्ये १.५ टेस्ला हवं तर साधारण १२,००० अँपिअर-टर्न. थोडं लोखंडात जातं, थोडं कडेनं सांडतं, म्हणून मी १५,००० धरले. टेबलावर बसेल असा मॅग्नेट, पंख्यानं थंड होणारा, घरगुती सिंगल फेजवर चालणारा. आकडा जिभेवर आला होता.

"आत काय ठेवणार?"

"सँपल."

"ते कशात?"

पलीकडे जरा शांतता. "क्रायोस्टॅटमध्ये. लिक्विड नायट्रोजनपर्यंत जायचंय, ७७ केल्विन." क्रायोस्टॅट म्हणजे सँपल अतिथंड ठेवणारं भांडं.

"त्याची खालची नळी बाहेरून केवढी आहे?"

फोन हातात धरूनच त्या लॅबमध्ये गेल्या. स्टूल सरकल्याचा आवाज, मग कुणाला तरी "व्हर्नियर कुठाय रे?" आणि बऱ्याच वेळानं उत्तर: "अडतीस."

दहा मिलिमीटर ही सँपल होल्डरची रुंदी होती.

३८ ची नळी म्हणजे गॅप निदान ४०. गॅप चौपट, म्हणून अँपिअर-टर्नही चौपट, नुसत्या हवेसाठीच ४८,००० च्या आसपास. पण कॉइल तापते करंटच्या वर्गानं. तीच कॉइल ठेवली तर उष्णता सोळापट, म्हणजे काही मिनिटांत वाइंडिंगचं इन्शुलेशन जळणार. मग तांबं वाढवा, योक (मॅग्नेटची लोखंडी चौकट) जाड करा, पाणी फिरवा, ते थंड करायला चिलर जोडा, थ्री फेज घ्या. आणि गॅप रुंद केला की पोलचा व्यासही वाढवावा लागतो, नाहीतर मधल्या जागेत क्षेत्र एकसारखं राहत नाही. कागदावर दोन्ही मॅग्नेट 'दीड टेस्ला'च. एक दोघांनी उचलून ठेवावा, दुसऱ्याला क्रेन लागावी.

नवी किंमत ऐकून मॅडम चिडल्या. "एका पुरवठादारानं कालच ईमेलवर आकडा दिलाय, तुमच्या निम्म्याहून कमी."

"त्यांनी गॅप विचारला होता का?"

"नाही."

पुढे मी काही बोललो नाही. दुसऱ्याच्या कोटेशनवर बोलायचं नाही, हा आमच्या मालकांचा नियम आहे.

मग एक प्रश्न सुचला, जो खरं तर आधी विचारायला हवा होता. दीडच का? त्या म्हणाल्या, जुना मॅग्नेट दीडचा होता. मोजायचा होता हॉल परिणाम, पातळ अर्धवाहक थरांवर. हॉल परिणाम म्हणजे करंट वाहणाऱ्या थरात चुंबकीय क्षेत्रामुळे आडवं तयार होणारं व्होल्टेज. क्षेत्र कमी केलं तर ते त्याच प्रमाणात कमी होतं, बस. त्यांचा मीटर चांगला होता, सिग्नल भरपूर येत होता. विद्यार्थ्याशी बोलून त्यांनी तासाभरानं कळवलं, ०.८ टेस्ला पुरेल. त्याच ४० च्या गॅपमध्ये आता हवेसाठी २५,५०० अँपिअर-टर्न, आणि उष्णता दीड टेस्लाच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त. लहान चिलरवर भागत होतं.

दुपारचा डबा तसाच राहिला. पॉवर सप्लायचं व्होल्टेज वाढवून धरलं, कारण कॉइल ५० अंशांनी तापली की तांब्याचा रोध जवळपास २० टक्क्यांनी वाढतो आणि थंड कॉइलच्या हिशोबानं घेतलेला सप्लाय ऐन वेळी कमी पडतो. पॉवर सप्लाय, चिलर आणि क्षेत्र मोजायचा गाऊस मीटर वेगवेगळ्या ओळींत लिहिले. जीएसटी १८ टक्के. सरकारी संशोधन संस्थांना ५ टक्क्यांची सवलत होती, ती जुलै २०२२ मध्ये गेली, तरी जुन्या सवयीनं अजून ५ धरणारे भेटतात. तांब्याचा भाव आमच्या हातात नाही, म्हणून कोटेशनची मुदत ६० दिवस.

शेवटी विचारलं, लॅब कितव्या मजल्यावर?

"दुसऱ्या. लिफ्ट आहे की."

"कसली?"

"माणसांची."

एक ओळ वाढली: मॅग्नेट गाडीतून उतरवून जागेवर नेणं ग्राहकाकडे. ठळक अक्षरांत 'बजेटरी', म्हणजे फक्त अंदाजापुरतं, असं लिहून पावणेपाचला मेल पाठवला.

त्यानंतर दीड वर्ष काहीच नाही. गेल्या आठवड्यात फोन आला, मॅडमचा आवाज एकदम खुशीत. प्रस्ताव मंजूर झाला होता, पैसे आमच्याच आकड्यानं आले होते.

"फक्त एक आहे, क्रायोस्टॅट नवीन घेतोय. गॅप पंचेचाळीस करता येईल ना?"

चाळीसचे पंचेचाळीस म्हणजे उष्णता सव्वापटीच्या वर. चिलर बदलावा लागेल, तांब्याचा भाव नव्यानं बघावा लागेल, असं मी सांगायला लागलो, तोवर त्यांनी विचारलंसुद्धा, "पण किंमत तीच ना?"