ब्लड कल्चरवरून थेट सेन्सिटिव्हिटी : आमच्या लॅबचा अनुभव

मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून शोधण्याची, बाटली पॉझिटिव्ह आली की आमचा क्रम ठरलेला असायचा. ग्रॅम स्टेन करायचा (जिवाणू रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहायचे), आयसीयूला फोनवर ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ एवढा ढोबळ गटच सांगायचा आणि सबकल्चर टाकायचं, म्हणजे जिवाणू प्लेटवर वाढायला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी कॉलनी, मग व्हायटेक हे तपासणीचं ऑटोमॅटिक मशीन. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध त्या जिवाणूवर चालेल हे, हातात येईपर्यंत सेप्सिसचा (जंतुसंसर्गाने गंभीर झालेला) पेशंट अंदाजाने दिलेल्या अँटिबायोटिकवरच.

रेझिस्टन्सची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची, जनुकं तासाभरात दाखवणारी तयार टेस्ट कार्ट्रिज मिळतात, पण दर बाटलीमागे तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून युकास्टची (सेन्सिटिव्हिटीचे निकष ठरवणारी युरोपातली समिती) रास्ट ही झटपट सेन्सिटिव्हिटीची पद्धत घेतली. त्यात नवं काहीच विकत घ्यावं लागत नाही. पॉझिटिव्ह बाटलीतलं १०० ते १५० मायक्रोलिटर द्रव पातळ न करता थेट मूलर-हिंटन प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या अगरवर) पसरायचं, अँटिबायोटिकच्या नेहमीच्याच डिस्क ठेवायच्या आणि ४, ६ व ८ तासांनी झोन, म्हणजे डिस्कभोवती वाढ न झालेलं वर्तुळ, मोजायचे. वेळेत फक्त पाच मिनिटं इकडेतिकडे चालतात, कारण प्रत्येक तासाचे ब्रेकपॉइंट, म्हणजे सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट हे ठरवणारे झोनचे आकडे, वेगळे. जिवाणूगणिकही ते बदलतात, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय झोनच्या आकड्याला अर्थ नाही. बाटलीतूनच चॉकलेट अगरवर (रक्त घातलेल्या तपकिरी प्लेटवर) दाट सबकल्चर टाकायचं आणि काही तासांत जो पातळ थर येतो तो मालडी-टॉफ या जिवाणू ओळखणाऱ्या मशीनवर चढवायचा, असा मार्ग आम्ही काढला. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला त्यात छान ओळखू येतात.

सुरुवातीला रास्टचा निकाल कोणालाच कळवायचा नाही, व्हायटेकशी ताडून पाहायचा, असं ठरवलं होतं. चार तासांचं वाचन मला फारसं पटलं नाही. वाढ इतकी विरळ असते की प्लेट उजेडात तिरकी धरून झोनची कड शोधावी लागते आणि दोन टेक्निशियन दोन वेगळे आकडे सांगतात. स्युडोमोनासच्या प्लेटवर तर तेव्हा वाचण्याजोगं काही नसतंच. सहा तासांनी मात्र कड स्पष्ट होते. मेरोपेनेम (मेरो) या ताकदवान अँटिबायोटिकचा निकाल बहुतेक वेळा ठाम यायचा, पिपटाझचा (पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम) वारंवार अनिश्चित पट्ट्यात अडकायचा. युकास्टने हा पट्टा मुद्दाम ठेवलाय. झोन त्यात पडला की सेन्सिटिव्हही म्हणायचं नाही, रेझिस्टंटही नाही, प्लेट परत इन्क्युबेटरमध्ये. आयसीयूच्या डॉक्टरांना हे पचवायला वेळ लागला. “मॅडम, मेरो चालू ठेवू की नको, एवढंच सांगा ना!”

मेरो रेझिस्टंट आल्यावर खरी अडचण सुरू होते. मेरो निकामी करणारी एनडीएम आणि ऑक्सा-४८ ही दोन्ही जनुकं आपल्याकडे सापडतात. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न हमखास कोलिस्टिन या राखीव अँटिबायोटिकचा, आणि कोलिस्टिन डिस्कने तपासताच येत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रवात औषधाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करत तपासणं) करावं लागतं. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे दुसरं औषध एकटं एनडीएमवर चालत नाही, त्यामुळे कोणतं जनुक आहे हे कळायलाच हवं. अशा निवडक बाटल्यांपुरतं कार्ट्रिज वापरायला व्यवस्थापनाने अखेर होकार दिला.

एका बाटलीत दोन जिवाणू असले तर रास्टचा निकाल फसवा ठरतो आणि ग्रॅम स्टेनमध्ये ते दर वेळी दिसतीलच असं नाही. म्हणून आमच्या रिपोर्टवर ‘प्राथमिक’ असा शेरा असतो आणि दुसऱ्या सकाळी सबकल्चर शुद्ध आहे ना, हे पाहूनच तो काढतो.

आणि हो, हे सगळं बाटली पॉझिटिव्ह आल्यानंतरचं. मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. वॉर्डातून दोन-तीन मिली भरून येतं तेव्हा जिवाणू हाती लागण्याची शक्यताच घटते. नर्सिंगच्या मुलींना बाटलीवर पेनाने रेघ मारून द्यायला लागलो, त्याचा उपयोग मला कोणत्याही मशीनपेक्षा जास्त वाटतो.

रात्रीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दहानंतर पॉझिटिव्ह आलेल्या बाटलीची प्लेट नाइटचा टेक्निशियन लावतो, पण पहाटे चारला झोन मोजायला तो एकटाच असतो, त्यात इमर्जन्सीची बाकी कामंही त्याच्याच गळ्यात. सध्या आम्ही ८ तासांचं वाचन सकाळच्या शिफ्टला जुळेल अशा बेताने अशा प्लेट मध्यरात्रीच्या सुमारास लावतोय.