दिवाणखान्यातला तंबोरा

सांगलीहून मिरजेला मी गेलो होतो डॉक्टरांकडे, आणि परतताना रिक्षात माझ्या मांडीवर आडवा तंबोरा होता. मला गाणे येत नाही. परंतु सतारमेकर गल्लीतील एका दुकानात कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा अगदी केसभर पुढेमागे सरकवत होता, आणि तोवर कोरडी वाजणारी तार एकाएकी झंकारून भरून आली, तेव्हाच माझा सौदा झाला होता. पुढची घासाघीस केवळ लौकिकासाठी होती. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे कारण मी घरी पुढे केले. ‘‘मानांकन त्यांना मिळालं, वाजवणार कोण?’’ असे पत्नीने विचारले. गरजेची वस्तू आणताना, म्हणजे कुकर किंवा छत्री घेताना, आपण जसे आहोत तसेच दुकानात शिरतो. बिनगरजेची वस्तू घेताना मात्र, निदान माझ्या बाबतीत, पैसे मोजणारा कोणी दुसराच असतो, पहाटे उठून षड्ज लावणारा. तो गृहस्थ अद्याप आमच्याकडे राहायला आलेला नाही. रोज संध्याकाळी भोपळ्यावरची धूळ पुसताना मी चारही तारा एकदा छेडतो.