एकाच घरात, पण एकालाच जंत?

आमच्या धाकट्या मुलीला एका वर्षात तीनदा जंत झाले. थोरल्या मुलाला एकदाही झाले नाहीत, निदान आमची तशी समजूत होती. दोघांचे अंथरूण एक, टॉवेल एक, खेळणी एक. मग जंत तिलाच का व्हावेत, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, तेव्हा उत्तर देण्याऐवजी त्यांनी घरातल्या चौघांचीही चिकटपट्टीची तपासणी करायला सांगितली. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जाण्यापूर्वी आणि अंग धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबायची आणि ती काचपट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायची. असे लागोपाठ तीन दिवस करायचे. सुताएवढ्या बारीक जंताची मादी रात्री बाहेर येऊन तिथेच अंडी घालते, म्हणून वेळेचा एवढा आग्रह असतो. दुसऱ्या दिवशीच्या काचपट्टीवर मुलाच्याही नावाने अंडी निघाली. तिथल्या तंत्रज्ञांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले: लांबट, काचेसारखी स्वच्छ, एका बाजूने चपटी, आणि एकीच्या आत वळलेली अळी. मुलाला खाज नव्हती, झोपमोड नव्हती, कसलीही तक्रार नव्हती.

म्हणजे माझा प्रश्नच चुकला होता. जंत कोणाला झाले, यापेक्षा कोणाच्या पोटात किती झाले हे विचारायला हवे होते. त्यानंतर मी या विषयावर बरेच वाचले, आणि संशोधकांचाही सगळा भर याच ‘किती’वर आहे असे दिसले. एखाद्या वस्तीतले बहुतेक जंत थोड्याच माणसांच्या पोटात असतात. साधारण 20 टक्के लोकांमध्ये 80 टक्के जंत, असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. ही थोडी माणसे केवळ योगायोगाने त्यात सापडत नाहीत. गेरहार्ड शाड आणि रॉय अँडरसन या संशोधकांनी पश्चिम बंगालमधील अंकुशकृमींविषयीचे (हुकवर्म, आतड्यात राहणारा एक जंत) निष्कर्ष 1985 साली प्रसिद्ध केले. औषधाने जंत काढून टाकल्यावर लोकांना पुन्हा संसर्ग झाला, तेव्हा पूर्वी ज्यांच्या पोटात जास्त जंत होते त्यांच्याच पोटात पुन्हा जास्त जंत होण्याकडे कल दिसला. गोलकृमी आणि चाबूककृमी या आतड्यातल्या आणखी दोन जंतांबाबतही असाच कल इतर ठिकाणी आढळला आहे, आणि जास्त जंत असलेली माणसे ठरावीक घरांत एकवटलेली असतात हेही दिसले आहे.

घर म्हटले की दोन गोष्टी एकदम येतात: एकाच छपराखाली राहणे आणि एकाच रक्ताचे असणे. यांतली कोणती जंतांना कारण ठरते, हे नुसत्या घराकडे पाहून कळत नाही. त्यासाठी मोठा वंशवृक्ष लागतो. नवराबायको एका घरात राहतात, पण त्यांचे रक्ताचे नाते नसते. चुलत भावंडे वेगळ्या घरांत राहतात, पण त्यांची काही जनुके सारखी असतात. अशा शेकडो जोड्यांमध्ये जंतांच्या संख्येतले साम्य मोजले की घराचा वाटा आणि अनुवंशाचा वाटा वेगळे काढता येतात. पूर्व नेपाळमधील जिरेल समाजात सारा विल्यम्स-ब्लँगेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. बाराशेहून अधिक माणसे एकाच वंशवृक्षात जोडलेली होती. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोलकृमींच्या भारातील, म्हणजे पोटातल्या जंतांच्या प्रमाणातील, माणसामाणसांमधला 30 ते 50 टक्के फरक अनुवंशाशी, तर केवळ 3 ते 13 टक्के फरक सामायिक घराशी जोडता आला. पुढे 2002 मध्ये याच समाजात पहिल्या आणि तेराव्या गुणसूत्रांवरील भागांचा गोलकृमींच्या संसर्गाशी ठळक संबंध आढळला.

हे आकडे वाचून ‘जंत रक्तातच असतात’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो चुकीचा आहे. आनुवंशिकतेची टक्केवारी एका माणसाविषयी काहीच सांगत नाही. एका समाजात, एका परिस्थितीत लोकांमध्ये जो फरक दिसतो त्याचीच ती वाटणी असते. सगळ्यांची राहणी जवळपास सारखी असेल तर घराघरांतला फरक उरतच नाही आणि अनुवंशाचा वाटा आपोआप मोठा दिसतो. उलट, काही घरांत शौचालय आणि पक्की जमीन आहे व काहींत नाही, अशा ठिकाणी घराचा वाटा वाढेल. युगांडातील एका ग्रामीण समाजात अंकुशकृमींच्या बाबतीत अनुवंशाचा वाटा सुमारे 11 टक्के, तर घराचा त्याहून जास्त, सुमारे 18 टक्के निघाला. कृमी वेगळा आहे हे खरे, पण परिस्थितीही वेगळी आहे, आणि माझ्या मते या दोन अभ्यासांतला विरोध वरवरचाच आहे.

अनुवंशाने येते ती मुख्यतः प्रतिकाराची तऱ्हा. कृमींविरुद्ध शरीर इम्युनोग्लोब्युलिन-ई हे प्रतिपिंड आणि इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वापरते, आणि ही प्रतिक्रिया चेतवणारी इंटरल्युकिन 4, 5 व 13 ही पेशींना निरोप देणारी प्रथिने आहेत; त्यांची जनुके पाचव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी आहेत. ब्राझीलमधील संशोधनात शिस्टोसोमा या रक्तकृमीच्या संसर्गाची तीव्रता ठरवणारा भागही याच परिसरात सापडला. अर्थात, हे सगळे अंडे किंवा अळी शरीरात शिरल्यानंतरचे झाले.

ती शिरणार की नाही, हे घर आणि परिसर ठरवतात, आणि तेही प्रत्येक कृमीच्या बाबतीत निराळ्या रीतीने. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, पण ताज्या विष्ठेतले अंडे लगेच संसर्ग करू शकत नाही. ओलसर मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावरच ते तयार होते. त्यामुळे बहिणीकडून भावाला हा जंत थेट लागत नाही, दोघांनाही तो एकाच अंगणातून मिळतो. अंकुशकृमीची अळी तर तोंडाची वाटही पाहत नाही, अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरते. म्हणून घराची जमीन हा मुद्दा दिसतो तेवढा किरकोळ नाही. मेक्सिकोत सरकारी योजनेतून घरातील मातीच्या जमिनीवर सिमेंट घातले गेले, त्याच्या अभ्यासात सगळी जमीन पक्की झाली की मुलांमधील परजीवींचा संसर्ग 78 टक्क्यांनी घटतो असा अंदाज निघाला. कोणाचेही जनुक न बदलता!

आमच्या घरातला सुतासारखा जंत मात्र मातीवर अवलंबून नाही. त्याची अंडी काही तासांत तयार होतात, नखांत अडकतात, चादरीवर पडतात आणि दोन-तीन आठवडे टिकून राहतात. हा अक्षरशः घराचाच आजार आहे, आणि वर्षभर एकट्या मुलीला गोळी देत राहणे हा आमचा मूर्खपणा होता. शेवटी चौघांनी एकाच संध्याकाळी गोळी घेतली. तिने जिवंत जंत मरतात, अंडी नव्हे, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली. दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी न झटकता गुंडाळून थेट गरम पाण्यात टाकल्या आणि सगळ्यांची नखे कापली. ‘मला काहीच होत नाही, मग मी गोळी का घ्यायची?’ अशी थोरल्याची तक्रार होती. त्याची काचपट्टी मी पाहिली होती, म्हणून त्याला सांगणे सोपे गेले.